वडिलांच्या यशिका मॅट १२४ जी मध्ये डिजिटल सेन्सर बसवता येईल का?

बारा_फोटो (कऱ्हाड)

नमस्कार. माझ्या वडिलांचा कऱ्हाडला छोटा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसे, शाळेचे ग्रुप फोटो अशी सगळी कामे ते ज्या कॅमेऱ्यावर करीत, तो यशिका मॅट १२४ जी आज माझ्या कपाटात आहे. एकावर एक दोन भिंगे असलेला, मान खाली घालून वरून बघायचा आणि '१२०' मापाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा हा कॅमेरा आमच्या घरात 'मोठा डबा' म्हणून ओळखला जाई. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल त्यात पडत आणि रिकामी झालेली रिळे आम्ही भावंडे गाडीची चाके म्हणून वापरत असू.

वडील गेल्यावर मी तो उघडून पाहिला. क्रँक नीट फिरते, शटर चढते, सगळे वेग कानाला तरी बरोबर वाटतात. फक्त एक सेकंदाचा वेग थोडा रेंगाळतो. भिंगे उजेडासमोर धरून पाहिली, ती स्वच्छ आहेत. उजेड मोजणारे मीटर बंद आहे, पण त्याला लागणारा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, हे ठाऊक असल्यामुळे त्याची खंत नाही.

माझा प्रश्न असा की, हा कॅमेरा डिजिटल करता येईल का? मला तीन मार्ग सुचले आहेत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडायचा हाय क्वालिटी कॅमेरा, म्हणजे त्याचा नुसता सेन्सर, फिल्मच्या जागी बसवायचा. किंवा मागचे झाकण उघडून तेथे माझ्याकडचा सोनीचा मिररलेस (आत आरसा नसलेला) डिजिटल कॅमेरा भिंग काढून चिकटवायचा. किंवा ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी जे तयार डिजिटल संच विकले जातात, तसे काही १२० साठी मिळते का ते शोधायचे. अटी दोनच आहेत. मूळ कॅमेऱ्याला एकही भोक पडता कामा नये आणि फोटो काढताना वडिलांची क्रँक व वडिलांचेच शटर वापरले गेले पाहिजे. नुसता देखावा नको. खर्च वीस-पंचवीस हजारांच्या आत बसावा. मला पूर्ण चौकोन मिळेल का आणि शटर दाबल्याचे सेन्सरला कसे कळवायचे, हे दोन मुद्दे मला मुळीच उलगडलेले नाहीत.

डेप्थ_गेज (कोल्हापूर)

आधी सर्वांत कडू गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल: पूर्ण चौकोन मिळणार नाही. आपल्या कॅमेऱ्याची चौकट कागदोपत्री सहा बाय सहा सेंटिमीटर असली तरी प्रत्यक्षात ती सुमारे ५६ बाय ५६ मिमी असते, आणि त्या मापाचा चौकोनी सेन्सर बाजारात मिळत नाही. हॅसलब्लाडची सीएफव्ही ही डिजिटल पाठ (फिल्मच्या मागच्या भागाऐवजी बसणारा सेन्सरचा डबा) १९५७ पासूनच्या त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यांना बसते, पण तिच्या ५० मेगापिक्सेलच्या आवृत्तीचा सेन्सरही सुमारे ४४ बाय ३३ मिमीच आहे आणि तिची किंमत लाखांत आहे. आपण म्हणता तो पायचा सेन्सर तर सुमारे ६.३ बाय ४.७ मिमी आहे. क्षेत्रफळाचा हिशेब केलात तर चौकटीचा शंभरावा भागसुद्धा त्यात मावत नाही. वडिलांचे ८० मिमीचे भिंग, ज्यातून अख्खी वरात दिसत असे, त्या सेन्सरवर दुर्बीण होऊन बसेल: तीन मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा तेवढा येईल, खांदेही नाहीत.

आता मिररलेसची गोष्ट. ही कल्पना प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली होती. सोनीच्या ई माउंटमध्ये, म्हणजे भिंग जेथे बसते त्या कड्यात, माउंटच्या कडेपासून सेन्सर १८ मिमी आत असतो, आणि माउंटचे कडे व त्याभोवतीची बॉडी आपल्या ५६ मिमीच्या खिडकीतून आत शिरत नाही. म्हणजे कॅमेरा कितीही घट्ट टेकवला तरी सेन्सर फिल्मच्या जागेपेक्षा १८ मिमी मागेच राहणार. ८० मिमीचे भिंग १८ मिमी पुढे सरकवल्यासारखे ते झाले, आणि अशा स्थितीत त्याचा फोकस भिंगापासून साधारण ४३ सेंटिमीटरवर पडतो. समोरच्या टेबलावरची वाटी छान येईल, दारातला माणूस कधीच येणार नाही. फोकसच्या चाकाने भिंग पुढे जाते, मागे जायला जागा नसते, त्यामुळे यावर उपाय नाही. मिररलेस पूर्ण सोलून आतला सेन्सर व त्याची सर्किटची पाटी काढून बसवणारे लोक जगात आहेत, पण त्यात चालता कॅमेरा बळी जातो आणि त्यांना जोडणारी चपटी तार, म्हणजे रिबन, एकदा फाटली की दोन्ही कॅमेरे हातचे जातात.

तयार संचांविषयी. ही स्वप्ने जुनी आहेत. १९९१ मध्ये कोडॅकने विकायला काढलेला डीसीएस हा व्यावसायिक डिजिटल कॅमेरा म्हणजे निकॉन एफ ३ चीच बॉडी होती, मागे १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवलेली, आणि फोटो साठवायचे यंत्र छायाचित्रकाराने खांद्याला अडकवून हिंडायचे. १९९८ च्या सुमारास सिलिकॉन फिल्म नावाच्या कंपनीने रोलच्या आकाराचे डिजिटल काडतूस जाहीर केले. फिल्मऐवजी ते घालायचे आणि फोटो काढायचे, इतके सोपे. तेही १.३ मेगापिक्सेलचेच होते, आणि २००१ मध्ये ग्राहकाच्या हाती काही पडण्याआधीच कंपनीचे काम थांबले. लायकाने मात्र स्वतःच्या आर ८ आणि आर ९ या फिल्म कॅमेऱ्यांसाठी १० मेगापिक्सेलची पाठ २००५ मध्ये खरोखर विकली, कारण कॅमेरा आणि पाठ दोन्ही त्यांचीच असल्यामुळे शटर कधी उघडते हे पाठीला सांगणे त्यांच्या हातात होते. अलीकडे स्वित्झर्लंडच्या 'आय ॲम बॅक'ने रोलच्या जागी बसणारा २० मेगापिक्सेलचा संच काढला आहे. तो ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी आहे, आणि सेन्सर मायक्रो फोर थर्ड्स मापाचा असल्यामुळे तेथेही चौकटीचा मधला भागच मिळतो.

इतके सांगूनही मी आपल्याला परावृत्त करणार नाही, कारण दोन भिंगांचा कॅमेरा या कामाला ३५ मिमीच्या एसएलआरपेक्षा (आत आरसा असलेल्या एकभिंगी कॅमेऱ्यापेक्षा) पुष्कळ सोयीचा आहे. एसएलआरमध्ये शटरचा पडदा फिल्मच्या अगदी पुढ्यात असतो आणि फिल्मची खिडकी २४ बाय ३६ मिमीची. सेन्सर म्हणजे नुसता चकाकणारा आयत नव्हे. त्याभोवती सिरॅमिकची कड असते आणि वर काच असते. ती कड खिडकीच्या पट्ट्यांवर अडते, सेन्सर मागे राहतो, आणि पुढे ढकलावा तर पडदा फाटतो. आपल्याकडे शटर भिंगातच आहे आणि खिडकीपुढे चार बोटे रिकामी काळी पोकळी आहे. सेन्सरची पाटी बिनदिक्कत आत जाते.

खरी परीक्षा खोलीची आहे. झाकण उघडा, शटर बी वर (दाबून धरले तोवर उघडे राहते त्या खुणेवर) ठेवून केबल रिलीजने उघडे अडकवा, आणि खिडकीच्या कडेला ज्या दोन पट्ट्यांवर फिल्म टेकते, त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. समोरच्या घराची उलटी प्रतिमा दिसेल. ती जेथे टोकदार होते, नेमक्या त्या पातळीत सेन्सरचा पृष्ठभाग आला पाहिजे. फिल्मच्या हिशेबाने भिंग पूर्ण उघडे असताना, म्हणजे एफ ३.५ ला, एका वहीच्या कागदाइतकी, म्हणजे दशांश मिलिमीटरची चूक खपून जाते. पायच्या सेन्सरचा एकेक पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा आहे. तेथे तेवढीच तीक्ष्णता हवी असेल तर मुभा शतांश मिलिमीटरची उरते. हे काम हाताने होत नाही. तीन स्क्रू, तीन स्प्रिंगा आणि सेन्सर पुढेमागे करता येईल अशी पाटी लागेल. शिवाय सेन्सरपुढे जी काच असते, ती फोकस तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने मागे ढकलते. त्यामुळे खोली मोजायच्या नुसत्या गेजच्या मापावर विसंबू नका, शेवटची जुळणी चित्र पाहूनच करा.

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे ठोकळे फिरवून देणारे लेथवाले अजून आहेत. ज्या गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेकॅमेरा घरी घडवण्याचा घाट घातला, तेथे एका नायलॉनच्या ठोकळ्याचे काय विशेष.

रिबन_केबल (पुणे)

मी हे केले आहे, यशिकावर नव्हे तर चिनी सीगलवर, पण खिडकी तीच आणि भिंगातले शटरही तसेच. म्हणून वरच्या प्रतिसादात जे सांगितले नाही तेवढेच लिहितो.

पायच्या हाय क्वालिटी कॅमेऱ्याची पाटी ३८ बाय ३८ मिमी आहे, म्हणजे ५६ मिमीच्या खिडकीतून ती सहज जाते. तिच्यावर भिंग बसवायचे जे काळे धातूचे कडे असते, ते काढून टाकण्याचा मोह होतो. मी काढले आणि पहिला आठवडा वाया घालवला. अवरक्त किरण अडवणारी काच त्या कड्यातच बसवलेली असते; कडे गेले की ती जाते, आणि मग झाडे गुलाबीसर व काळे कापड जांभळे दिसू लागते. (लायकाच्या एम ८ मध्ये २००६ साली हाच घोळ झाला होता, तेथे गाळणी फार पातळ ठेवली होती आणि ग्राहकांना पुढे लावायच्या फिल्टर काचा द्याव्या लागल्या.) कडे राहू द्या. त्याची सगळी उंची कॅमेऱ्याच्या रिकाम्या पोकळीत जाते, आणि सेन्सर इतका लहान आहे की कड्याची सावली त्यावर पडत नाही.

मूळ झाकणाला हात लावू नका. मी जुन्या झाकणाच्या मापाचे दुसरे झाकण काळ्या ॲक्रिलिकचे कापून घेतले, कडेला काळी लोकर चिकटवली आणि ते दोन रुंद रबरी पट्ट्यांनी कॅमेऱ्याला आवळले. दिसायला ते गरीब आहे, परंतु पट्ट्या सोडल्या की पाच मिनिटांत कॅमेरा पुन्हा फिल्मचा होतो. झाकणाला एक फट ठेवावी लागते, कारण सेन्सरपासून पायपर्यंत जाणारी चपटी रिबन तेथूनच बाहेर येते. तिच्यावर विजेची काळी पट्टी दोनदा गुंडाळूनही माझ्या पहिल्या फोटोंत उजव्या कडेला धुरकट डाग येत होता. रात्री अंधाऱ्या खोलीत आत मोबाइलचा टॉर्च ठेवून बाहेरून पाहिले, तेव्हा प्रकाश फटीतून नव्हे तर ॲक्रिलिकच्या कापलेल्या, न रंगवलेल्या कडेतून झिरपत असल्याचे दिसले. कडा काळ्या करा.

आता शटरच्या प्रश्नाकडे येतो, कारण सर्वांची गाडी येथेच अडते. आपल्या कॅमेऱ्याला फ्लॅशची तार लावायचे भोक आहे आणि एम व एक्स असा खटका आहे. तो एक्स वर ठेवला की शटर पूर्ण उघडल्या क्षणी आतले दोन संपर्क जुळतात. लोक म्हणतात, ती तार पायला जोडा आणि संपर्क जुळला की फोटो घ्यायला सांगा. ते चालत नाही. १/१२५ चा वेग म्हणजे आठ मिलिसेकंद. संपर्क जुळल्यावर पाय जागा होऊन सेन्सरला हाक मारीपर्यंत शटर मिटलेले असते आणि आपल्याला सुंदर काळा फोटो मिळतो. माझ्याकडे असे दोनशे फोटो आहेत.

म्हणून क्रम उलटा करायचा. कॅमेऱ्याच्या आत अंधारच आहे, तेव्हा सेन्सरला तेथे एकेक सेकंदाचे उद्भासन (एक्स्पोजर) अखंड घेत बसू द्यायचे. फिल्मही तेच करते. ती अंधारात वाट पाहत बसलेली असते. आपण शटर दाबले की प्रकाश आठ मिलिसेकंद आत येतो, त्याच क्षणी फ्लॅशची तार पायला सांगते की 'या फ्रेममध्ये काहीतरी आहे', आणि पाय तेवढी फ्रेम जपून ठेवून बाकीच्या टाकून देतो. उद्भासन किती, हे आपले शटरच ठरवते. क्रँक आपली, वेगाचे चाक आपले, ॲपर्चर (भिंगातले प्रकाशाचे लहानमोठे होणारे छिद्र) आपले. आपल्या दुसऱ्या अटीत हे तंतोतंत बसते.

यात एक गंमत आहे. हा सेन्सर सगळ्या ओळी एकदम वाचत नाही, एकामागून एक वाचतो, आणि त्या वाचनाला काही काळ लागतो. नेमके त्याच वेळी आपण शटर दाबले, तर ज्या ओळी वाचून झाल्या आहेत त्यांच्यावरचा प्रकाश पुढच्या फ्रेममध्ये जातो आणि ज्या वाचायच्या आहेत त्यांच्यावरचा आधीच्या फ्रेममध्ये राहतो. मला एकदा आईचा फोटो असाच अर्धा-अर्धा दोन फाइलींत मिळाला: एकीत कपाळ आणि डोळे, दुसरीत ओठ व हनुवटी. प्रथम वाटले सेन्सर गेला. मग लक्षात आले की प्रकाश हरवलेला नाही, तो फक्त दोन ठिकाणी वाटला गेला आहे. दोन्ही फ्रेम आकडेवार एकमेकींत मिळवल्या आणि चेहरा पूर्ण झाला. तेव्हापासून माझा प्रोग्रॅम तार वाजली की ती फ्रेम आणि तिच्या शेजारच्या दोन्ही ठेवतो.

उन्हाळ्यात सेकंदभराच्या उद्भासनात पांढरे-लाल ठिपके फार येतात. त्यासाठी फोटो काढल्यावर शटर न उघडता घेतलेली एक काळी फ्रेम जपून ती वजा करावी लागते.

चौकट जुळवण्याविषयी सावध राहा. वरच्या, म्हणजे बघायच्या, काचेवर मध्यभागी पेन्सिलने ६.३ बाय ४.७ चा आयत काढा. तो करंगळीच्या नखापेक्षा लहान निघतो आणि वरच्या झडपेतले मोठे करून दाखवणारे भिंग उघडल्याशिवाय दिसत नाही. शिवाय बघायचे भिंग आणि फोटोचे भिंग यांत सुमारे चार सेंटिमीटरचे अंतर आहे. पूर्ण चौकोनात ते कोणाला जाणवत नसे, पण तीन मीटरवर या सेन्सरला उभे जेमतेम अठरा सेंटिमीटर दिसते, त्यात चार सेंटिमीटर म्हणजे डोळ्यांवर नेम धरावा आणि हनुवटी यावी असा प्रकार. मी आयत थोडा सरकवून काढला, तीन मीटरसाठी एक आणि दहा मीटरसाठी दुसरा.

सगळे मिळून खर्च आपल्या अंदाजाच्या आत बसला. फोटो तीक्ष्ण येतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. भिंग मोठ्या फिल्मसाठी बनवलेले आहे, त्याला इतक्या बारीक पिक्सेलांना पुरवण्याइतका तपशील देता येत नाही. ॲपर्चर एफ ८ वर बंद केले आणि फोटो एक चतुर्थांश आकाराला आणला की तो बरा दिसतो.

ओली_काच (रत्नागिरी)

वरचे दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, पण प्रश्नकर्त्याला जे हवे आहे ते त्यांत कोठेच मिळत नाही, असे मला वाटते. वडिलांनी त्या कॅमेऱ्यातून जे पाहिले, ते चौकटीच्या शंभराव्या भागात नव्हते. ते वरच्या काचेवर होते.

मी गेली काही वर्षे ती काचच मोबाइलने टिपतो. काळ्या चार्ट पेपरची चौकोनी नळी करून ती वरच्या झडपेच्या चौकटीत घट्ट बसवायची आणि वरच्या टोकाला मोबाइल ठेवायचा. नळी किती लांब, हे मोबाइलचा कॅमेरा किती जवळचे टिपतो त्यावर ठरते. माझी चौदा सेंटिमीटरची आहे. १२४ जी चे बघायचे भिंग एफ २.८ चे आहे, म्हणजे फोटोच्या भिंगाहून उजळ. पूर्ण चौकोन मिळतो, मागचे विरघळलेले झाड मिळते, काचेवरच्या रेषा, वर्तुळे आणि धुळीचे कणही मिळतात. प्रतिमा डावी-उजवी उलटी असते, ती नंतर फिरवावी लागते. दुकानाच्या पाट्या वाचताना तेवढेच ते खटकते. शटर आणि क्रँक यात वापरले जात नाहीत, हे मान्य. मी तरीही प्रत्येक फोटोआधी क्रँक फिरवतो, का ते विचारू नका.

एक सूचना मात्र सक्तीची समजा. काहीही करण्याआधी भिंग पुन्हा पाहा, या वेळी समोरून नव्हे, तर शटर बी वर उघडून मागून टॉर्च तिरका मारून. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यानंतर कपाटातल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती समोरून पाहिल्यास दिसत नाही. कातडी केसमध्ये कॅमेरा ठेवलेला असेल तर आजच बाहेर काढा. कातडे ओल धरून ठेवते.

बारा_फोटो (कऱ्हाड)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण मला आधी हातांनी करून पाहायचे होते.

टॉर्च तिरका मारल्यावर फोटोच्या भिंगाच्या कडेला, साधारण घड्याळाच्या चारच्या जागी, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा जाळीदार ठिपका दिसला. केस कातडीच होती. कॅमेरा आता सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात आहे आणि केस वेगळी उन्हात ठेवली आहे.

ट्रेसिंग पेपरचा प्रयोग रात्री केला. समोरच्या मेडिकलच्या दिव्यांची पाटी उलटी, रंगीत, पूर्ण चौकोनात उमटली आणि रस्त्यावरून जाणारा सायकलवाला डोके खाली करून कागदावरून सरकत गेला. माझी मुलगी बारा वर्षांची आहे; ती अर्धा तास तेथून हलली नाही. मग मी त्या कागदावर पेन्सिलने ६.३ बाय ४.७ चा आयत काढला. मेडिकलच्या पाटीतले एकच अक्षर त्यात मावले. शंभरावा भाग म्हणजे काय, हे गणितापेक्षा त्या एका अक्षराने अधिक कळले.

म्हणून माझा विचार असा ठरतो आहे. आधी चार्ट पेपरची नळी, कारण तिला पन्नास रुपयांहून अधिक लागणार नाहीत. पण शटर वापरण्याची अट मला सोडवत नाही, आणि अखंड वाट पाहणाऱ्या सेन्सरची युक्ती मनात घर करून बसली आहे. तेव्हा डेप्थ_गेज यांना एक प्रश्न: ट्रेसिंग पेपरवर जी टोकदार प्रतिमा दिसते, ती कागदाच्या पुढच्या बाजूला की मागच्या, हे कसे ओळखायचे? आणि रिबन_केबल यांना दुसरा: तोच सेन्सर इकडे-तिकडे सरकवत तुकडे घेऊन ते जोडले, तर पूर्ण चौकोन मिळेल का?

डेप्थ_गेज (कोल्हापूर)

प्रश्न बरोबर विचारलात. ट्रेसिंग पेपरला स्वतःची जाडी आहे आणि प्रतिमा त्या जाडीभर पसरते, म्हणून तो फक्त अंदाजासाठी. पक्क्या मापासाठी काचेची पट्टी घ्या, तिची एक बाजू बारीक एमरी पावडर आणि पाण्याने दुसऱ्या काचेवर घासून दुधाळ करा आणि ती दुधाळ बाजू भिंगाकडे करून पट्ट्यांवर ठेवा. मग प्रतिमा त्या घासलेल्या पृष्ठभागावरच पडते, काचेच्या जाडीचा संबंध राहत नाही. मागून दहापट भिंगाने पाहा. जुन्या स्लाइड बघायच्या खोक्यातले भिंगही चालेल.

बुरशीचा ठिपका कडेला असेल तर तूर्त त्याला हात लावू नका. मधल्या छोट्या सेन्सरला तो दिसणारही नाही. पण तो वाढतो आहे का, हे दर महिन्याला त्याच कोनातून फोटो काढून तपासत राहा. वाढला, तर ज्याने पूर्वी दोन भिंगांचे कॅमेरे उघडले आहेत अशाच माणसाकडे द्या. पुढची भिंगपाटी तिरकी बसली की फोकस आयुष्यभर एका बाजूला कलतो.

एक सेकंदाचा वेग रेंगाळतो, त्याची चिंता नको. मंद वेगांचे दातेरी चक्र तेल सुकून जड झालेले असते. १/३० च्या पुढचे वेग ठीक असतील तर आपले काम अडत नाही. वरून तेल मात्र सोडू नका. ते शटरच्या पात्यांवर पसरते आणि पाती एकमेकांना चिकटतात.

रिबन_केबल (पुणे)

तुकडे जोडून चौकोन मिळतो, पण हिशेब ऐका: आडवे नऊ आणि उभे बारा, म्हणजे एकमेकांवर न चढवतासुद्धा एकशे आठ तुकडे, आणि जोडण्यासाठी ते थोडे चढवावेच लागतात. प्रत्येक तुकड्याला क्रँक आणि शटर. समोरचा विषय तेवढा वेळ हलता कामा नये आणि ढगही सरकता कामा नये. मी एकदा तीन बाय तीन असे नऊ तुकडे, घरातल्या दिव्याखाली, तांब्याच्या घागरीचे घेतले होते. सेन्सरची पाटी सरकवताना ती किंचित तिरपी होई आणि दर तुकड्याचा फोकस वेगळा येई. पाटी सरकवायला जुन्या सीडी ड्राइव्हमधली सळई आणि घसरगाडी वापरली, तेव्हा कोठे बरे जुळले.

आपल्या मुलीला तो ट्रेसिंग पेपर आवडला असेल, तर त्याच कागदाचा मागून मोबाइलने फोटो घेऊन पाहा. अंगावर काळे कापड घ्या, मोबाइल स्टँडवर ठेवा, त्यात पाच-सहा सेकंदांचे उद्भासन लावा आणि ते चालू असताना कॅमेऱ्याचे शटर एक सेकंदावर ठेवून दाबा. कागदाचा दाणा दिसेल, कडा काळवंडतील, पण चौकोन पूर्ण येईल, भिंग खालचे, म्हणजे फोटोचे, असेल आणि क्रँक व शटर वडिलांचेच असेल. फक्त आपला एक सेकंद रेंगाळतो, तो नक्की किती लांबतो हे आधी मोजून घ्या. मोबाइलवर शटरच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण करून दोन खटक्यांमधले अंतर पाहिले तरी पुरते.

बारा_फोटो (कऱ्हाड)

मोजले. १.४ सेकंद निघाला. आज रात्री मेडिकल बंद व्हायच्या आत पाटीवर करून पाहतो.